चावी कुणाची? गाडीच्या रिमोटचा इतिहास लिहायचा तर

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी वणीत जीपची चावी हरवली, तर माणूस बाजारात चावीवाल्याकडे जायचा. चावीवाला कुलूप बघायचा, पितळेचा तुकडा कानशीने घासायचा, दोन-तीनदा लावून बघायचा आणि थोड्या वेळात गाडी सुरू. आज त्याच गावात बटन-स्टार्ट गाडीची चावी हरवली, तर आधी सर्व्हिस सेंटरला फोन, मग आरसी आणि आधारची झेरॉक्स, मग गाडी टो करून नाशिकला, आणि मग नवी चावी येईपर्यंत वाट बघणं. द्राक्षाचा हंगाम असेल तर ते दिवस फार महागात पडतात. दोन्ही वेळचं काम एकच आहे: बंद गाडी उघडायची आणि सुरू करायची. मग मधल्या काळात नेमकं काय बदललं?

हा प्रश्न इथे घेण्याचं कारण सांगतो. संशोधनाच्या तयारीला लागलेले बरेच जण विषय शोधताना एकदम मोठ्या गोष्टींकडे बघतात: जागतिकीकरण, औद्योगिकीकरण, ग्रामीण बदल. विषय मोठा असायला हरकत नाही, पण त्यात शिरायला दार लहान लागतं. खिशातली रिमोट चावी हे तसं एक दार आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात कसे प्रश्न विचारायचे आणि कुठली साधनं वापरायची, हे तिच्यावरून चांगलं दाखवता येतं.

सगळ्यात सोपा इतिहास गाडीच्या जाहिरातीत मिळतो. आधी साधी चावी होती, मग सेंट्रल लॉक आलं, मग रिमोट, मग खिशातून न काढता चालणारी चावी, आता मोबाइल. प्रत्येक पायरीवर सोय वाढली. ही यादी खोटी नाही, पण यादी म्हणजे इतिहास नाही. 'सोय वाढली' म्हटलं की लगेच विचारायला हवं: कुणाची? आणि त्या सोयीच्या बदल्यात कुठला अधिकार कुणाकडून कुणाकडे गेला? माझं म्हणणं असं आहे की गाडीच्या चावीचा इतिहास हा मुख्यतः चावीची नक्कल कोण करू शकतो याचा इतिहास आहे. पुढचं सगळं त्या अंगाने वाचा.

सुरुवातीला तर चावीला फारसं कामच नव्हतं. जुनी गाडी पुढून हँडल मारून सुरू व्हायची. आपल्याकडे हँडल मारणारे ट्रक-ड्रायव्हर पाहिलेली माणसं अजून गावात आहेत. हँडल उलटं फिरून हात मोडायची भीती खरी होती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर आला आणि हँडलची गरज कमी होत गेली. पण चावी फिरवली की इंजिन सुरू, ही आपल्याला 'नेहमीची' वाटणारी पद्धत बरीच उशिराची आहे. ती क्रायस्लरने १९४९ च्या गाड्यांमध्ये आणली. तोपर्यंत चावी फक्त इग्निशन चालू करायची. इंजिन फिरवायला वेगळं बटन किंवा पायाखालची खटकी असायची.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप याचं चांगलं उदाहरण आहे. स्टार्टर पायाने दाबायचा. इग्निशनला सुरुवातीला चावी होती, पण पुढे लष्कराने ती काढून साधा फिरवायचा खटका बसवला. युद्धात चावी हरवली तर गाडी अडकणार, आणि ड्रायव्हर तर बदलत राहणार. म्हणजे गाडी सगळ्यांची असेल तर चावी ही अडचण ठरते. याच विलीज घराण्याची जीप महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडायला घेतली, आणि तिचे वंशज नाशिक-दिंडोरी-वणी रस्त्यावर काळी-पिवळी म्हणून कित्येक वर्षं धावले.

आजचं 'पुश स्टार्ट' बटन आधुनिक म्हणून विकलं जातं. पण बटन दाबून गाडी सुरू करणं आपल्या पणजोबांच्या काळातलं आहे. इतिहास सरळ रेषेत पुढे जातो असं गृहीत धरलं की अशा गोष्टी नजरेतून सुटतात.

आता काळी-पिवळीच्या काळातली एक आठवण घेऊ, जी या भागातले जुने ड्रायव्हर हमखास सांगतात: 'त्या वेळी कुठलीही चावी कुठल्याही जीपला लागायची.' ट्रॅक्टरबद्दलही हेच ऐकू येतं, आणि एका कंपनीच्या अनेक ट्रॅक्टरांना एकच चावी चालते हे आजही सर्रास दिसतं. अशी आठवण पुरावा म्हणून वापरायची का? नुसती लिहून घेतली तर ती किस्सा राहते. तिला वस्तूने तपासावं लागतं. जुन्या कुलपात थोड्याच पत्र्या असतात आणि प्रत्येक पत्रीला थोड्याच उंच्या, त्यामुळे चाव्यांचे नमुने मर्यादितच. त्यात वर्षानुवर्षं दिवसातून वीस-तीस वेळा चावी फिरली की पत्र्याही झिजतात आणि चावीही. झिजलेलं कुलूप कमी निवडक होतं. म्हणजे ड्रायव्हर 'कुठलीही चावी' म्हणताना थोडं वाढवून सांगतोय, पण त्याच्या बोलण्याला यांत्रिक आधार आहे. मौखिक साधनावर विश्वास ठेवायचा की नाही, असा हो-नाही प्रश्न घालू नका. तो काय पाहून असं म्हणतोय, हे विचारा.

त्या काळात चावीची नक्कल करण्याचा अधिकार व्यवहारात कुणाकडेही होता. चोरालाही होता, हेही तितकंच खरं.

मग रिमोट आला. 'पहिला रिमोट कुणाचा?' हा प्रश्न विद्यार्थ्यांना फार आवडतो, आणि तो नीट विचारला तरच कामाचा आहे. १९८२ मध्ये फ्रान्समध्ये रेनॉ फुएगो या गाडीला इन्फ्रारेडवर चालणारं दूरनियंत्रित कुलूप आलं. ते पॉल लिपशुत्झ यांनी विकसित केलं होतं आणि फ्रेंचमध्ये अशा रिमोटला अजूनही 'प्लिप' म्हणतात. पण चावीशिवाय दार उघडणं एवढीच व्याख्या घेतली, तर फोर्डने १९८० मध्येच दारावर आकड्यांची बटनं दिली होती. चावी हातात न घेता, नुसतं जवळ गेल्यावर उघडणारी गाडी म्हटलं तर १९९३ ची कॉर्व्हेट पुढे येते. जवळ गेलं की उघडते आणि आत बसून सुरूही होते, अशी व्याख्या केली तर बहुतेक लोक १९९८ च्या मर्सिडीज एस-क्लासचं नाव घेतील. 'पहिला' हा शब्द व्याख्येप्रमाणे चार ठिकाणी जातो. आराखड्यात 'पहिला' लिहायची वेळ आली, तर आधी व्याख्या लिहा.

सुरुवातीच्या रिमोटचा एक मोठा दोष होता. तो दर वेळी एकच संदेश पाठवायचा. तो संदेश हवेतून पकडून पुन्हा पाठवला की दार उघडलं. यावर उपाय म्हणजे दर वेळी बदलणारा कोड. रिमोट आणि गाडी दोघांकडे एक गुप्त आकडा आणि एक मोजणी असते. बटन दाबलं की मोजणी एकने पुढे जाते आणि तिच्यावरून नवा कोड तयार होतो. वापरलेला कोड गाडी पुन्हा स्वीकारत नाही. घरात पोरांनी रिमोटशी खेळत शंभरदा बटन दाबलं की कधी कधी गाडी ऐकत नाही, ते यामुळेच. रिमोटची मोजणी फार पुढे गेलेली असते आणि गाडी ठरावीक मर्यादेपर्यंतच तिला गाठू शकते.

या पद्धतीतला गाजलेला कीलॉक नावाचा कोड दक्षिण आफ्रिकेत ऐंशीच्या दशकात तयार झाला आणि १९९५ च्या सुमारास मायक्रोचिप या अमेरिकन कंपनीने विकत घेतला. त्याची रचना गुप्त होती. ती बाहेर आल्यावर २००७-०८ मध्ये विद्यापीठातल्या संशोधकांनी तो फोडून दाखवला.

पण नकलेचा अधिकार रिमोटमुळे गेला नाही. रिमोट नसला तरी चावी लावून गाडी चालूच व्हायची. अधिकार गेला तो इमोबिलायझरमुळे, आणि तो सोयीसाठी आलाच नव्हता. १९९० च्या सुमारास युरोपात वाहनचोरी फार वाढली. विमा कंपन्या वैतागल्या. १९९५ मध्ये युरोपीय संघाने निर्देश काढला आणि १९९८ पासून नव्या कारमध्ये इमोबिलायझर सक्तीचा झाला. चावीच्या प्लॅस्टिक मुठीत एक इवलीशी चिप असते. तिला सेल लागत नाही. कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं कडं असतं, त्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते. गाडी चिपला एक आकडा देते, चिप गुप्त किल्ली वापरून उत्तर देते, आणि उत्तर बरोबर असेल तरच इंजिनला इंधन मिळतं. हे सगळं आपण चावी फिरवतो तेवढ्यात होतं.

आता चावीवाल्याच्या बाजूने बघा. त्याने पातं अगदी हुबेहूब कापलं. दार उघडलं, चावी फिरली, पण इंजिन लागत नाही. त्याचं कौशल्य हातात होतं, आणि आता अर्धी चावी हाताबाहेर गेली. नवी चिप गाडीच्या मेमरीत नोंदवावी लागते, त्यासाठी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडावं लागतं आणि बऱ्याच गाड्यांना कंपनीचा कोडही लागतो. दोन हजार सालानंतर भारतात अशा गाड्या वाढत गेल्या तसे चावीवाल्यांचे दोन गट पडले. काहींनी महागडं प्रोग्रामिंग यंत्र घेतलं आणि ते शहरात टिकले. बाकीचे कुलपं, कपाटं आणि दुचाकींवर राहिले. वणीसारख्या बाजाराच्या गावात दुसरा गट जास्त दिसतो, कारण महिन्याला दोन-चार गाड्यांसाठी तेवढं यंत्र परवडत नाही.

यात एक विसंगती मला सारखी खुपते. नाशिक हा गाड्या बनवणारा जिल्हा आहे. २००२ मध्ये आलेली महिंद्राची स्कॉर्पिओ सातपूरच्या कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे या जिल्ह्यात गाडी जोडण्याचं कौशल्य भरपूर आहे, वायरिंगपासून डिझेल पंपापर्यंत सगळं जाणणारी माणसं गल्लीत सापडतात. तरी गाडीची दुसरी चावी करणं हे त्या कौशल्याचं काम उरलेलं नाही. ते परवानगीचं काम झालंय. कौशल्य असणं आणि परवानगी असणं या दोन गोष्टी कधी वेगळ्या झाल्या, हा स्थानिक उद्योगाच्या इतिहासात विचारण्यासारखा प्रश्न आहे.

हा प्रश्न फक्त माझ्या डोक्यातला नाही. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी आदेश दिला आणि १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांच्या वर दंड ठोठावला. मुद्दा असा होता की सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची यंत्रं खुल्या बाजारात स्वतंत्र मेकॅनिकला मिळत नाहीत. पुढे अपिलं झाली. पण आयोगाचा आदेश हा इतिहासकाराला खजिना आहे, कारण त्यात प्रत्येक कंपनीने आपली बाजू लेखी मांडली आहे. एरवी कंपनीच्या दप्तरात आपल्याला कोण शिरू देणार? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनांबरोबर शेतीची अवजारंही घेतली आहेत. ट्रॅक्टरवाल्या भागात काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता संशोधन करणाऱ्यांना थेट लागू होणारं एक प्रकरण, म्हणून त्यावर जरा थांबतो. मेगामोस क्रिप्टो नावाची चिप अनेक महागड्या गाड्यांच्या इमोबिलायझरमध्ये होती. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे फ्लाव्हिओ गार्सिया आणि नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाचे रोएल व्हरडल्ट व बारिश एगे यांनी तिच्यातल्या त्रुटी शोधल्या. २०१३ मध्ये त्यांचा निबंध परिषदेत प्रसिद्ध होणार होता. फोक्सवॅगन लंडनच्या उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने जूनमध्ये प्रसिद्धीला तात्पुरती मनाई केली. निबंध दोन वर्षं अडकला. २०१५ मध्ये तडजोड होऊन, एक वाक्य वगळून, तो छापला गेला.

यातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे चिपची गुप्त रचना संशोधकांना कुठून कळली? चावीवाल्यांसाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या एका प्रोग्रामिंग यंत्राच्या सॉफ्टवेअरमधून. म्हणजे जे 'गुप्त' होतं ते चावीच्या बाजारात आधीच फिरत होतं. गुप्त ठेवायचं होतं ते विद्यापीठाच्या कागदावर. ज्ञान कुठल्या खोलीत असलं तर चालतं आणि कुठल्या खोलीत नाही, याचं एवढं नेमकं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. तुमच्या विषयात खासगी कंपनीची माहिती येणार असेल, तर गाईडशी पहिल्याच वर्षी कायद्याच्या अंगाने बोलून घ्या. निबंध तयार झाल्यावर नको.

खिशातून न काढता चालणाऱ्या चावीची गोष्ट थोडक्यात. दाराच्या मुठीला हात लावला की गाडी कमी वारंवारतेवर हाक मारते, ती एक-दोन मीटरपर्यंतच पोचते. चावी ती ऐकून रेडिओवर उत्तर देते. हाक ऐकू आली म्हणजे मालक जवळच आहे, असं गाडी धरून चालते. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी दहा मॉडेलांवर दाखवलं की हीच हाक मध्ये यंत्र ठेवून लांबवता येते. कोड फोडायची गरजच नाही. चावी घरात, गाडी अंगणात, आणि दोघांना वाटतं आपण शेजारी आहोत. म्हणून रात्री चावी झाकण घट्ट बसणाऱ्या धातूच्या डब्यात ठेवायचा सल्ला दिला जातो. डबा चालतो की नाही ते घरीच कळतं: चावी डब्यात घालून डबा दाराशी न्या आणि मुठीला हात लावा. दार उघडलं तर दुसरा डबा शोधा.

साधनांपैकी सगळ्यात दुर्लक्षित साधन तुमच्याच गाडीच्या कप्प्यात पडलेलं असतं: मालकाचं मॅन्युअल. ते सूचनापत्र म्हणून वाचू नका, इतिहासाचा थर म्हणून वाचा. रिमोटने दार उघडलं आणि कुणी दरवाजाच उघडला नाही, तर बहुतेक गाड्या साधारण अर्ध्या मिनिटात स्वतःहून परत लॉक होतात. का? कधी तरी खिशात बटन दाबलं जाऊन गाड्या रात्रभर उघड्या राहिल्या असणार. काही गाड्यांत एकदा दाबलं तर फक्त चालकाचं दार उघडतं, दुसऱ्यांदा दाबलं की बाकीची. अंधाऱ्या पार्किंगमध्ये दुसऱ्या बाजूने कुणी आत शिरू नये, ही भीती त्यात दिसते. रिमोटच्या पोटात लपवलेलं लोखंडी पातं सेल संपल्याची आठवण ठेवतं. आणि सेल संपलेली स्मार्ट चावी स्टार्ट बटनाला टेकवून गाडी सुरू करायची जी युक्ती अनेक मॅन्युअलांत असते, तिच्यात तर नव्वदच्या दशकातली बिनसेलची चिपच अजून जिवंत आहे. नव्या सोयीखाली जुनी व्यवस्था शाबूत ठेवलेली असते. (सेल बहुधा सीआर२०३२ असतो आणि घड्याळवाल्याकडे मिळतो. गडावर जाण्याआधी बदलून घ्या.)

'का' ची ही उत्तरं माझे अंदाज आहेत. अंदाजाचं विधान करायचं असेल तर त्या-त्या पेटंटमध्ये जावं लागतं, कारण पेटंटमध्ये आधीच्या पद्धतीत काय अडचण होती हे लिहिलेलं असतं. पेटंट मोफत वाचता येतात, आणि इतिहासाचे विद्यार्थी तिकडे फारसे फिरकत नाहीत.

दुसरं साधन विम्याचं. गाडी चोरीला गेली आणि दावा केला, की विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक चावी नसेल तर प्रश्न सुरू होतात: कुठे हरवली, कधी हरवली, गाडीतच राहिली होती का? ग्राहक मंचांसमोर यावर भरपूर भांडणं झाली आहेत आणि निकाल वाचायला मिळतात. एका निकालात मालक, ड्रायव्हर, पोलीस, सर्व्हेअर सगळे बोलतात. चावीचं रोजचं आयुष्य इतक्या तपशिलात दुसरीकडे क्वचितच मिळेल. शिवाय आता साक्षीदारात गाडीचीही भर पडली आहे, कारण किती चाव्या नोंदलेल्या आहेत हे यंत्र लावून अनेक गाड्यांच्या मेमरीतून वाचता येतं.

आणि तिसरं साधन म्हणजे लोकांचा वापर, जो कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतो. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीला थांबवतात आणि वर एसटीने जावं लागतं. परत आल्यावर त्या गर्दीत आपली पांढरी गाडी ओळखायची कशी? लोक चालता चालता रिमोट दाबत राहतात आणि कुठली गाडी डोळे मिचकावते ते बघतात. चोरीच्या भीतीतून वाढलेलं यंत्र इथे हरवलेली गाडी शोधायला वापरलं जातं. नवी गाडी पूजेला नेली की चावी देवीपुढे ठेवायची, दसऱ्याला तिलाही हळद-कुंकू लावायचं, हे तर आहेच. पितळी चावीवरचं कुंकू पुसलं जायचं, रिमोटच्या बटनांच्या फटीत ते वर्षभर बसून राहतं. कुंकवाने अडकलेलं बटन दुरुस्तीवाल्याने पाहिलंय का, हे विचारायला लाजू नका. वापराचा इतिहास अशाच खुणांत असतो.

कुणाला यातून आराखडा करायचा असेल तर मी चावीवाल्यांपासून सुरुवात करीन. 'तंत्रज्ञान बदललं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?' असं विचारू नका, त्याला ठोकळेबाज उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा: कुठल्या गाडीची चावी तुम्ही पहिल्यांदा परत पाठवली? प्रोग्रामिंगचं यंत्र घेतलं असेल तर पावती आहे का? नसेल घेतलं तर आता अशी गाडी आली की कुणाकडे पाठवता, आणि तो तुम्हाला त्यातलं काही देतो का? बहुतेक चावीवाल्यांकडे न जमलेल्या चाव्यांचा एक डबा असतो. तो ओतून दाखवायला सांगा, आणि प्रत्येक चावीला सुतळीने चिठ्ठी बांधत जा: गाडी कुठली, साधारण साल कुठलं, चावी लागली नाही की इंजिन लागलं नाही.